पार्किंगशेजारची वगार

शनिवार पेठेतल्या आमच्या ऑफिसचा जिना चढून आलेले पालक धाप ओसरली की पहिला प्रश्न विचारायचे, "शेण हातानं उचलावं लागतं का?"

मी सांगायची, "हो. पायानं उचलता येत नाही."

यावर निम्मे पालक उठून जात. जे उरत, त्यांच्या मुलांच्या जिवावर मी आयुष्यभर नोकरी केली.

आमची संस्था म्हणजे शाळकरी मुलांचं शेती मंडळ. नियम एकच. प्रत्येक मुलानं एक जिवंत गोष्ट स्वतःच्या हातानं सांभाळायची. कुणी गच्चीत वाफे करून मेथी-पालक लावायचं, कुणी चार कोंबड्या ठेवायचं, कुणी शेळीचं करडू आणि ज्यांच्या घरी अजून गोठा शिल्लक आहे ते वासरू. याला आम्ही प्रकल्प म्हणत असू. दिवाळी आटोपली की प्रकल्प सुरू व्हायचा आणि मे महिन्यात, कात्रजच्या पुढे डोंगराखाली संस्थेची थोडी जमीन आहे, तिथे शिबिर भरायचं. मुलं तंबूत राहायची, पहाटे उठून गोठे झाडायची, आणि शेवटच्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं जनावर परीक्षकांसमोर चालवून दाखवायचं. मी शेतकी कॉलेजची पदवीधर. लागले तेव्हा प्रकल्प-मार्गदर्शक होते आणि निवृत्त झाले तेव्हाही तीच होते. मधल्या काळात बढतीची भाषा कुणी केली नाही आणि मीही विषय काढला नाही, कारण बढती मिळालेल्यांना ऑफिसात बसावं लागे.

माझं काम मुलांच्या घरी जाऊन जनावर बघण्याचं. त्यामुळे पुण्यातल्या इतक्या गच्च्या, बाल्कन्या आणि मोऱ्या मी आतून पाहिल्या आहेत की मला कुणी महापालिकेतली समजायचं. बाणेरच्या एका गृहस्थांनी, कोंबडा फार लवकर आरवतो, त्याला निदान शनिवार-रविवार सुट्टी घ्यायला शिकवता येईल का, असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मी म्हटलं, प्रयत्न करून पाहा, जमलं तर आम्हालाही कळवा.

लोकांना वाटायचं, आम्ही शहरातल्या मुलांना शेतकरी करायला निघालो आहोत. तसं काही नव्हतं. आमच्याकडून गेलेली बहुतेक मुलं आज कुठल्या तरी काचेच्या इमारतीत बसतात. आम्हाला एवढंच हवं होतं की मुलानं लहानपणी एकदा तरी अशी गोष्ट सांभाळावी, जिला आपला मूड असो नसो, परीक्षा असो नसो, भूक लागते.

या सगळ्यात कुणाची गोष्ट सांगायची म्हटलं तर मी सायलीची सांगेन.

सायली हिंजवडीची. म्हणजे मूळ गावची. तिचे वडील दत्ताभाऊ यांची जमीन आयटी पार्कच्या वाटेत आली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पाच मजली इमारत बांधली. खालच्या मजल्यावर घरची माणसं, वर सगळे भाडेकरू, बहुतेक कंपन्यांतली मुलंमुली. इमारतीच्या मागे पत्र्याचा एक गोठा होता आणि त्यात एक म्हैस. ती सायलीच्या आजोबांची, आण्णांची. पाच मजले चढले, रस्त्यावर कंपनीच्या बसगाड्यांची रांग लागली, तरी आण्णांनी म्हैस सोडली नव्हती. गोठ्याला खेटून भाडेकरूंच्या मोटारी उभ्या असत. दत्ताभाऊंना तिथे आणखी काही मोटारींची सोय करायची होती, पण वडिलांपुढे बोलायची त्यांची टाप नव्हती.

त्या वर्षी म्हैस व्याली आणि वगार झाली. म्हशीच्या मादी पिलाला वगार म्हणतात. सायली नववीत होती. तिनं वगारीचा प्रकल्प घेतला आणि मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले.

आण्णा गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही शिकवणार व्हय, बाई, हिला?"

"मी फक्त बघायला येणार. शिकवायला तुम्ही आहात की."

ते खूश झाले. सायलीला हाक मारून त्यांनी माझ्यादेखत धडा दिला. "हे बघ, कवळा चारा घालायचा, पेंड भिजवून थोडी थोडी घालायची. आन घरातलं शिळंपाकं, उष्टं, भातबीत काय बी घालायचं न्हाय. पोट म्हंजे काय उकिरडा हाय का तिचं?"

मला सांगायचं होतं ते सगळं त्यांनीच सांगून टाकलं. मी चहा घेऊन निघाले.

हिवाळ्यात आण्णा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण बराच काळ दवाखान्यात काढावा लागला. परत आले ते जरा वेगळेच आले. चालायचे नीट, बोलायचे नीट, पण मधूनच धागा सुटायचा. मी गेले की विचारायचे, "बाई, जेवलात का?" मी हो म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा, "बाई, जेवलात का?" घरचे म्हणत, वय झालं, अशक्तपणा आहे. ते दवाखान्यात असतानाच दत्ताभाऊंनी म्हैस विकून टाकली होती. धार काढणार कोण, हा प्रश्न खराच होता. वगारही विकायची होती, पण सायलीनं जेवण सोडलं. तेव्हा असं ठरलं की मे महिन्यातल्या शिबिरापर्यंत वगार ठेवायची, पुढचं पुढे.

गोठ्यात सायलीला एक मदतनीस मिळाला होता. तिसऱ्या मजल्यावर राहणारा प्रवीण. वर्ध्याकडचा, कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायचा. घरी बैलजोडी, गाई असं सगळं पाहिलेला. एकदा पार्किंगमध्ये गाडी लावताना त्याला वगारीचं रेकणं ऐकू आलं आणि तो गोठ्यात डोकावला, तेव्हापासून रोज डोकवायला लागला. मला म्हणाला, "मॅडम, इथं येऊन दोन वर्षं झाली, पण शेणाचा वास आला नं, तेव्हा पहिल्यांदा झोप लागल्यासारखं वाटलं."

वगारही अंगानं चांगली भरत होती. काळीभोर, कपाळावर थोडं पांढरं. सायलीनं तिला तोंडाला दोरीची म्होरकी घालून चालायला शिकवलं होतं. संध्याकाळी ती वगारीला घेऊन इमारतीभोवती फेऱ्या मारायची आणि कानात इयरफोन घातलेली भाडेकरू मुलं बाजूला होऊन वाट द्यायची. मी मनात धरलं होतं, यंदा प्रदर्शनात ही वगार पहिली येणार.

शिबिराला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी सायलीचा फोन आला. आवाज शांत ठेवायचा तिचा प्रयत्न चालला होता, पण जमत नव्हतं.

"मॅडम, ती उठत नाहीये. डावीकडून पोट टम्म झालंय. दात खातीय."

"काल काय खाल्लं?"

"नेहमीचंच." मग जरा थांबून, "मॅडम, शेणात भात दिसतोय."

आदल्या दिवशी इमारतीच्या गच्चीवर एका भाडेकरूच्या मुलीचं बारसं झालं होतं. त्यातला उरलेला भात, पुऱ्या, बुंदी घरमालक म्हणून खाली आली होती. ते सगळं कुणीतरी वगारीला घातलं होतं. जनावराला हे प्रेमानं घातलेलं विष असतं. शिजवलेला भात आणि गोड पोटात आंबतं, त्याचं आम्ल होतं, जनावर आतून सुकत जातं आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावतं. लग्नसराईत किती गाई अशा जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला आणि तशीच निघाले. पण सकाळची वेळ. हिंजवडीला जाणारा प्रत्येक रस्ता बसगाड्यांनी आणि मोटारींनी भरलेला. वाकडच्या पुलापाशी माझी रिक्षा जी अडकली ती हलेचना. डॉक्टरही माझ्या पुढे कुठेतरी आपल्या गाडीत अडकून पडलेले. शेवटी मी सायलीला फोन चालू ठेवायला सांगितलं.

"प्रवीण आहे का तिथे?"

"आहे."

"तिला आडवी होऊ देऊ नका. छातीवर बसलेली राहू दे. दोन्ही बाजूंनी पोती लावा. खायला काही घालू नका. घरात खाण्याचा सोडा आहे? पाण्यात कालवा. बाटलीनं पाजा, पण तोंड फार वर करू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. गालाच्या बाजूनं, घोट घोट."

पलीकडून पोती ओढल्याचे, बाटली पडल्याचे आवाज येत होते. मग प्रवीणचा आवाज आला, "मॅडम, सोडा पाजून झाला, पण कान थंडे पडून राहिले तिचे. डॉक्टर कुठं आहेत?"

"माझ्या पुढे. पुलापाशीच असतील."

"मी बाइक घेऊन जातो न् त्यांना आणतो. गाडी तिथंच लावायला सांगा त्यांना."

"तुझं ऑफिस?"

"मीटिंग चालूच आहे मॅडम, दुसऱ्या कानात. त्यांना सांगतो नेटवर्क गेलं म्हणून."

त्यानं उलट दिशेनं, फुटपाथवरून, कशी बाइक घातली ते मी विचारलं नाही. मी पोचले तेव्हा डॉक्टरांनी वगारीच्या मानेत सुई लावून सलाइन सुरू केलं होतं आणि बाटली प्रवीणनं हात उंच करून धरली होती. सायली वगारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आण्णा खुर्चीत बसून नुसते बघत होते. मला पाहून म्हणाले, "बाई, जेवलात का?"

सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या गेल्या. दुपार कलली तेव्हा वगारीनं कान हलवले. मग लघवी केली. डॉक्टर म्हणाले, "आता बघू या." डॉक्टर लोक 'वाचली' म्हणत नाहीत, 'बघू या' म्हणतात, पण त्यातला फरक आवाजावरून कळतो.

दत्ताभाऊ आत-बाहेर करत होते. डॉक्टर गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कुणी घातला भात, मॅडम?"

मला तोवर कळलं होतं. प्रवीणनं आदल्या रात्री आपल्या गॅलरीतून पाहिलं होतं, पण पातेल्यात काय आहे ते अंधारात त्याला कळलं नव्हतं. आण्णा पातेलं घेऊन गव्हाणीपाशी वाकले होते, पातेलं खरवडून सगळं आत टाकत होते आणि वगारीच्या पाठीवरून हात फिरवत होते. सकाळी त्यानं ते सायलीला सांगितलं आणि सायलीनं त्याला शपथ घातली. हे सगळं त्या दोघांनी मला गोठ्याच्या कोपऱ्यात, हळू आवाजात सांगितलं होतं. सायली म्हणाली होती, "मॅडम, पप्पांना कळलं ना, तर ते आण्णांना गोठ्यात येऊच देणार नाहीत. मग ते दिवसभर करणार काय?"

शिळंपाकं घालायचं नाही हे ज्या माणसानं तिला शिकवलं, त्याच्याच हातून ते झालं होतं. म्हणजे आण्णांना नुसता अशक्तपणा नव्हता. ते मला त्या दिवशी कळलं. पोरीलाही कळलं असणार. पण तिनं ते शब्दांत आणलं नाही आणि मीही नाही.

मी दत्ताभाऊंना म्हटलं, "जनावर वाचलं ना? तपास करणं माझं काम नाही."

सायली पुढे आली. "मीच घातला, पप्पा. मला वाटलं थोडासा चालतो."

दत्ताभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे पाहिलं आणि घरात गेले.

वगार वाचली, पण खंगली. अंगावरची चकाकी गेली, फासळ्या दिसायला लागल्या. दत्ताभाऊ म्हणाले, "असली मरतुकडी घेऊन प्रदर्शनात जाऊ नकोस. लोक हसतील." मीही सायलीला सांगितलं की यंदा नाही आणली तरी चालेल. ती म्हणाली, "आजारी पडलं म्हणून शाळेतून नाव काढून टाकतात का?" मी यादीत वगारीचं नाव ठेवलं.

शिबिराला वगार टेम्पोतून आली. आण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला तयार झाले नाहीत. मागे, वगारीजवळ, गवताच्या भाऱ्यावर बसून आले. हिंजवडीहून कात्रजपर्यंत सगळा बायपास. त्यांच्या मागे दत्ताभाऊ आपल्या मोठ्या गाडीतून, टेम्पोच्या वेगानं. उतरताना आण्णांच्या टोपीवर, मिशांवर धूळच धूळ होती आणि चेहरा असा की जत्रेहून आलेत.

शिबिरातले दिवस छान गेले. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करून घेतले होते. पहिल्या सकाळी नाक दाबून गोठ्यात शिरलेली मुलं पुढे पुढे तिथेच बसून पोहे खायला लागली. आण्णा कडुनिंबाखाली बसलेले असत आणि मुलं त्यांच्याभोवती. म्हशीचं वय दातांवरून कसं ओळखायचं, दाव्याची गाठ कशी मारायची की ओढली तर आवळत नाही, हे ते दाखवत. एकच गोष्ट दोनदा सांगायचे. मुलांना दोनदा ऐकायला काहीच वाटत नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सायली वगारीला घेऊन रिंगणात आली. बाकीची वासरं टुमटुमीत, तेल लावून चमकवलेली. तिच्या वगारीला नुसतं धुतलेलं. परीक्षक म्हणून एक निवृत्त पशुवैद्य होते. त्यांनी वगारीच्या पाठीवरून, फासळ्यांवरून हात फिरवला.

"काय झालं होतं हिला?"

सायलीनं सगळं सांगितलं. पोट कसं फुगलं, शेण कसं होतं, सोडा कसा पाजला, सलाइन कसं दिलं, नंतर कोवळा चारा थोडा थोडा करत कसा वाढवला. 

"आणि भात कुणी घातला?"

रिंगणाबाहेर आण्णा बसले होते. त्यांच्यामागे दत्ताभाऊ उभे होते.

"सर, वगार माझी आहे," ती म्हणाली. "काय खाते ते बघायची जबाबदारी माझी होती."

परीक्षकांनी मान हलवली आणि ते पुढच्या वासराकडे गेले. बक्षीस कोथरूडच्या एका मुलाच्या कालवडीला मिळालं. कालवड खरोखरच देखणी होती, कुणाची तक्रार नव्हती.

संध्याकाळी तंबू उतरवायचं काम चाललं होतं. दत्ताभाऊ माझ्यासोबत दोऱ्या गुंडाळायला लागले.  मग म्हणाले, "मॅडम, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"काय?"

"भाताचं. त्या दिवशी सकाळी गव्हाणीतलं पातेलं मीच उचलून आणलं. त्यावर माझ्या आईचं नाव आहे. त्या पातेल्याला आमच्या घरात आण्णांशिवाय कुणी हात लावत नाही."

मी विचारलं, "मग मला कशाला विचारलंत?"

"वाटलं, तुम्ही सांगाल, म्हणजे मला मोकळेपणानं चिडता येईल. तुम्ही सांगितलं नाही. मग पोरगी खोटं बोलली. आणि मॅडम, खरं सांगतो, मला राग आला नाही. मी बोललो असतो तर आण्णांना कळलं असतं, की आपल्याला आता कळत नाही. ते त्यांना कळायला नको."

मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवा त्यांना. डोक्याच्या."

"दाखवलं. गेल्याच आठवड्यात. सायलीला सांगितलं नव्हतं." त्यांनी गुंडाळलेली दोरी माझ्याकडे दिली. "ते म्हणाले, ज्या कामाची सवय आहे ते काम काढून घेऊ नका. म्हणजे गोठा राहणार. वगार पण राहणार. गाड्या काय, रस्त्यावर लावतात. नाहीतरी लावतातच."

त्यानंतर घरात एक शिस्त आली. उरलेलं अन्न खाली ठेवायचं नाही, स्वयंपाकघराला कडी, आणि आण्णा गोठ्यात असले की कुणीतरी आसपास. सकाळी सायली, दुपारी तिची आई, संध्याकाळी प्रवीण. पहारा आहे असं आण्णांना वाटू नये, म्हणून प्रत्येकजण काही ना काही विचारायला गेल्यासारखा जायचा. प्रवीणची पुढे बंगळूरला बदली झाली, तेव्हा त्यानं आपली पाळी दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला रीतसर समजावून दिली, जसं ऑफिसातलं काम देतात तसं.

मी निवृत्त झाले. कात्रजच्या जमिनीच्या चारी बाजूंनी आता इमारती आल्या आहेत आणि शिबिर आटोपशीर झालं आहे. पालक हल्ली शेणाचं विचारत नाहीत, प्रमाणपत्राचं विचारतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण फार नाही. मुलं अजूनही येतात. ऑफिसात मी अजूनही अधूनमधून जाते, नव्या मार्गदर्शकांना नको असताना सल्ले द्यायला.

अशीच एकदा गेले होते, तेव्हा सायली जिना चढून आली. आता ती कॉलेजात आहे, पशुवैद्यक नव्हे, कॉमर्स. हातात स्टीलचा डबा होता. उघडून माझ्यापुढे ठेवला. आत खरवस होता, वरून जायफळ. वगार व्याली होती. पहिलटकरीण, पण काही त्रास झाला नाही म्हणाली. पुन्हा वगारच झाली होती.

मी एक वडी तोंडात टाकली आणि विचारलं, "आण्णांनी खाल्ला का?"

"खाल्ला ना. विचारलं, कुणाच्या म्हशीचा आहे? मी म्हटलं, आपल्या." सायलीनं डब्याचं झाकण हातात घेतलं, पण लावलं नाही. "तर म्हणाले, 'आपल्याकडं म्हैस हाय व्हय?' मी म्हटलं, हाय की. मग त्यांनी अजून एक वडी मागितली आणि म्हणाले, 'चल, दाव.'"